तेरा महिन्यांत वसूल? विश्रामबागच्या एका वीजबिलाचा हिशेब

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र, मे महिन्याच्या वीजबिलाची प्रत आणि सौर संच बसवणाऱ्या विक्रेत्याचा दरपत्रकाचा कागद, हे तिन्ही मिळाले. इतर वाचकांसाठी आपला प्रश्न थोडक्यात सांगतो. आपण सांगलीत विश्रामबागेत स्वतःच्या घरात पती-पत्नी राहता, शिक्षकी पेशातून निवृत्त झाला आहात आणि पेन्शनवर घर व्यवस्थित चालते. एरवी अठराशे-एकोणीसशे रुपयांच्या आसपास येणारे वीजबिल मे महिन्यात अचानक 9,480 रुपये आले आणि त्यासोबत 1,900 रुपयांच्या अतिरिक्त सुरक्षा ठेवीची वेगळी मागणीही आली. यावर कायमचा उपाय म्हणून नऊ महिन्यांनी मुदत संपणारी दोन लाखांची ठेव मोडून छतावर 3 किलोवॅटचा सौर संच बसवावा का, असे आपण विचारले आहे. विक्रेत्याने 1,95,000 रुपये किंमत सांगून, 78,000 रुपये अनुदान वजा जाता उरणारे 1,17,000 रुपये तेरा महिन्यांत वसूल होतील, असे लेखी दिले आहे.

माझे मत आधीच सांगतो. सौर संच जरूर बसवावा, पण 3 किलोवॅटचा नको, ठेव मोडून नको आणि या बिलाच्या आधारावर तर मुळीच नको. तेरा महिन्यांचे गणित 1,17,000 ला 9,480 ने भागून काढलेले आहे, म्हणजे दर महिन्याला आपले बिल साडेनऊ हजार येते असे त्यात गृहीत धरले आहे. तसे ते येत नाही, आणि मे महिन्याचे बिलही मुळात तेवढे यायला नको होते.

प्रथम बिलाकडे पाहू. मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांत आपण मुलाकडे पुण्याला ये-जा करत होता, मीटर बंद फाटकाच्या आत आहे, त्यामुळे रीडिंग न घेता प्रत्येकी 180 युनिटचे सरासरी बिल आले आणि ते आपण भरलेही. मे महिन्यात प्रत्यक्ष रीडिंग झाले तेव्हा मागील खऱ्या रीडिंगपासूनचा फरक 780 युनिट निघाला. हा वापर तीन महिन्यांचा आहे, म्हणजे महिन्याला 260 युनिट. घरगुती वीज टप्प्यांच्या दराने आकारली जाते, त्यामुळे हे 780 युनिट तीन महिन्यांत विभागले की एकाच महिन्यात ओतले, यावर बिलाचा आकडा फार बदलतो. आपले बिल ज्या 2024-25 च्या दरपत्रकानुसार काढले आहे, त्यात वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा आकार) मिळून पहिल्या 100 युनिटला 5.88 रुपये, 101 ते 300 युनिटला 11.46 रुपये, 301 ते 500 युनिटला 15.72 रुपये आणि 500 च्या पुढे 17.81 रुपये असा दर होता. यावर स्थिर आकार (वापर कितीही असला तरी दरमहा द्यावा लागणारा) आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क लागते.

महिन्याला 260 युनिट या हिशेबाने तीन महिन्यांचा वीज व वहन आकार सुमारे 7,265 रुपये होतो. तेच 780 युनिट एका महिन्याचे मानले तर तो 11,010 रुपये होतो, कारण 280 युनिट थेट सर्वांत महाग टप्प्यात जातात. वीज शुल्क धरून हा फरक सुमारे 4,345 रुपयांचा आहे. आपल्या बिलाची उलटी मांडणी करून पाहिली असता, आधी भरलेल्या दोन सरासरी बिलांची रक्कम, साधारण 3,790 रुपये, त्यातून वजा केलेली आहे, परंतु टप्प्यांचा लाभ मात्र एकाच महिन्याचा दिलेला दिसतो. तीन महिन्यांचा लाभ मिळाला असता तर, इंधन समायोजन आकाराची (इंधनाच्या खर्चातील चढउतारापोटी लागणारी) किरकोळ रक्कम सोडून, आपले देणे 5,090 रुपयांच्या जवळपास आले असते.

म्हणून या आठवड्यात वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात बिल दुरुस्तीचा लेखी अर्ज द्यावा, त्यात मागील खरे रीडिंग, चालू रीडिंग, मधले महिने आणि वरील हिशेब मांडावा, आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तोंडी सांगून परत येऊ नये. बिल भरलेच नाही तर वीज तोडतील ही आपली भीती अगदीच निराधार नाही, पण कायद्याने त्यावर मर्यादा घातलेली आहे. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ग्राहकाने मागणी केलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या बिलांची सरासरी, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. आपली सरासरी दोन हजारांच्या आतच येईल, तरीही मी आपल्याला स्वतःच्या हिशेबाने निघालेले 5,090 रुपये हरकत नोंदवून भरण्याचा सल्ला देईन. जे देणे आपल्यालाच मान्य आहे ते अडवून ठेवण्यात अर्थ नाही, त्यावर पुढे विलंब आकार आणि व्याज चढण्याचा धोका राहत नाही आणि अर्जाचे वजनही वाढते. उपविभागात दाद मिळाली नाही तर सांगली जिल्ह्यासाठी कोल्हापूरला ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्यानंतर विद्युत लोकपाल. तेथे वकील लावण्याची गरज नसते. तेवढ्यापर्यंत जावे लागेल असे मला वाटत नाही, कारण ही चूक आकड्यांत स्पष्ट दिसते.

1,900 रुपयांच्या सुरक्षा ठेवीबद्दल मात्र आपला राग मला पटत नाही. सुरक्षा ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी असा नियम आहे, आपली जुनी ठेव 2,300 रुपये आहे आणि आपला वर्षभराचा वापर पाहता दोन महिन्यांचे बिल 4,200 च्या आसपास जाते, त्यामुळे मागणी अवाजवी नाही. ही रक्कम खर्च होत नाही, तिच्यावर व्याज मिळते, ते बिलातून वळते होते आणि जोडणी बंद करताना ठेव परत मिळते. ती भरून टाकावी.

मीटरच बिघडला असावा या शंकेविषयी दोन वाक्ये. आपण लिहिता त्याप्रमाणे गेल्या वर्षी दीड टनाचा एसी घेतला आणि उन्हाळ्यात नातवंडे आली की तो रात्री तीनेक तास चालतो. असा एसी तासाला साधारण एक युनिट घेतो, म्हणजे महिन्याला 90 युनिट, आणि आपला वापर 175 वरून 260 वर गेला तो जवळपास तेवढ्यानेच. मीटर तपासणीचे शुल्क भरण्याआधी एका रात्री मेन स्विच बंद करून आकडा हलतो का ते पाहावे, पण माझी खात्री आहे की मीटर ठीक आहे. त्याच दरपत्रकाने 101 ते 300 मधले प्रत्येक युनिट शुल्कासह 13 रुपये 29 पैशांना पडत असल्याने एसीचा खर्च महिन्याला अकराशे-बाराशे रुपये येतो. नातवंडांसाठी तो करावा की नाही, हा प्रश्न माझ्या कक्षेतला नाही.

आता मूळ निर्णयाकडे येतो. आपला वर्षाचा वापर नऊ महिने 175 प्रमाणे आणि तीन महिने 260 प्रमाणे धरला तर 2,355 युनिट होतो. त्याचा खर्च त्याच दरपत्रकाने, स्थिर आकार सोडून, वीज शुल्कासह सुमारे 23,500 रुपये आहे. सौर संच कितीही मोठा बसवला तरी यापेक्षा जास्त बचत होऊ शकत नाही, आणि स्थिर आकार तर नंतरही भरावाच लागतो. आपल्याकडे 1 किलोवॅटचा संच सरासरी रोज चार युनिटच्या आसपास वीज देतो, म्हणजे वर्षाला सुमारे 1,450 युनिट. फेब्रुवारी ते मे त्याहून जास्त, पावसाळ्यात बरीच कमी.

येथे एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. सौर वीज आधी आपले महागडे युनिट खाते, स्वस्त युनिट नंतर. त्यामुळे पहिला किलोवॅट सर्वांत जास्त कमावतो. आपल्या वापरावर 1 किलोवॅटचा संच वर्षाला सुमारे 16,800 रुपये वाचवेल. दुसरा किलोवॅट त्यात साधारण 6,700 रुपयांची भर घालेल, आणि तिसरा जवळजवळ काहीच नाही, कारण तोपर्यंत वाचवायला युनिटच उरलेले नसतात. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे वाहिनीला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा होण्याच्या पद्धतीत, जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरे, पण ती जमा 31 मार्चला संपते आणि उरलेल्या युनिटचा मोबदला राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतो, जो आपण वाचवत असलेल्या 13 रुपयांच्या जवळपासही नसतो. हिवाळ्यात साठवलेले युनिट एप्रिल-मेच्या एसीसाठी वापरू, असा हिशेब आपण केला असेल तर तो या तारखेमुळे जमत नाही.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे अनुदानाचा जोरही पहिल्या दोनवरच आहे. आपल्या त्याच विक्रेत्याचा 2 किलोवॅटचा दर 1,40,000 रुपये आहे. 60,000 अनुदान वजा जाता 80,000 रुपये आपल्या खिशातून जातात आणि वर्षाला 23,500 रुपये वाचतात. म्हणजे साडेतीन वर्षांच्या आत वसुली. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालतात, इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या वापरायोग्य करणारे यंत्र) मात्र दहाएक वर्षांनी बदलावा लागू शकतो, तो खर्च मनात धरून ठेवावा. 3 किलोवॅटला 37,000 रुपये जास्त घालून बचत तेवढीच राहते. वीजदर पुढे कमी झाले तर वसुलीला अधिक काळ लागेल, आणि दर वाढतच जातील असे धरून कोणी हिशेब दाखवला तर त्यावर विसंबू नये. घरात दुसरा एसी किंवा विजेवरची गाडी येणार असेल तर 3 किलोवॅटचा विचार पुन्हा करता येईल. पत्रात तसा काही उल्लेख नाही.

पैसे कोठून आणायचे? अनुदान संच सुरू झाल्यानंतर खात्यात जमा होते, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण 1,40,000 रुपयांची सोय लागते. आपली ठेव 7.25 टक्क्यांची, तीन वर्षांची आणि सव्वादोन वर्षे पूर्ण झालेली आहे. आता मोडली आणि बँकेने एक टक्का दर कापला तर झालेल्या काळावर सुमारे 4,500 रुपयांचे नुकसान होते. त्याऐवजी त्याच ठेवीवर ठेवतारण उचल, म्हणजे ठेव तारण ठेवून कर्ज, घ्यावी. तिचा दर बहुधा ठेवीच्या दरापेक्षा एक टक्का जास्त असतो, आणि ठेवीवरचे व्याज चालूच राहते. अनुदान यायला तीन महिने लागतील असे धरून, तोवर 1,40,000 आणि नंतरचे सहा महिने 80,000 अशी उचल राहिली, तर तो एक टक्का मिळून जेमतेम 750 रुपये होतो. मुदत संपली की ठेवीतून उचल फेडावी, उरलेले पुन्हा ठेवावे. सूर्यघर योजनेसाठी राष्ट्रीयीकृत बँका विनातारण कर्जही देतात आणि त्याचा दर तुलनेने कमी असतो. वयाची अट आड आली नाही आणि ते सहज मंजूर झाले तर ते अधिक चांगले. घरातून सुचवलेला सोनेतारणाचा पर्याय मात्र सोडून द्यावा. हातात ठेव असताना दागिने बँकेत नेण्याचे कारण नाही.

आपल्या मनात आणखी एक अपेक्षा दिसते, ती आताच दूर केलेली बरी. वीज गेल्यावर हा संच घर चालवणार नाही. बॅटरीविना, वाहिनीला जोडलेला संच वाहिनी बंद होताच सुरक्षिततेसाठी आपोआप थांबतो. वीज जाण्याचा त्रास हे संच घेण्याचे मुख्य कारण असेल, तर तो पैसा चुकीच्या जागी जाईल. आणि हे उत्तर वाचणाऱ्या नदीकाठच्या पेठांतील रहिवाशांसाठी एवढेच, की 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिले त्यांनी इन्व्हर्टर तळमजल्यावर लावू देऊ नये, विक्रेता वायरचा खर्च वाचतो म्हणून आग्रह करतो.

कामाचा क्रम असा ठेवावा. बिल दुरुस्तीचा अर्ज आधी, आणि मीटर फाटकाच्या बाहेरून वाचता येईल अशी व्यवस्था त्याबरोबरच, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हेच घडेल. संचाची घाई नाही. पावसाळ्यात तो फारसे काही देणार नाही, दिवाळीच्या सुमारास सुरू झाला तरी चालेल. मधल्या काळात किमान आणखी दोन विक्रेत्यांकडून 2 किलोवॅटचे दर घ्यावेत आणि पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी लेखी घ्यावी. आणि बिलाच्या प्रतीवर ग्राहकाचे नाव आपल्या वडिलांचे दिसते. सौर संचाचा अर्ज जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच करायचा असतो, त्यामुळे जोडणी आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज याच खेपेत उपविभागात देऊन यावे.