जाताना 11 तास आणि येताना 6च, असं कसं?

प्रश्न: मुलगी टोकियोला नोकरीला आहे, गड्डा यात्रा झाली की आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे चाललोय. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली आणि तिथून विमान. तिकिटावर जाताना रात्री 8.30ला दिल्ली, सकाळी 7.30ला टोकियो, म्हणजे 11 तास. येताना सकाळी 11ला निघून संध्याकाळी 5ला दिल्ली, म्हणजे 6च तास. अंतर तर तेच ना? एजंटकडून चूक झालीय का? मिसेसना शुगरची गोळी वेळेवर लागते म्हणून जास्त काळजी आहे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: काका, तिकीट बरोबर आहे, एजंटला फोन करायची गरज नाही. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची छापतात आणि टोकियोचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे असतं. म्हणून जातानाच्या 11 तासांतून साडेतीन वजा करा, साडेसात तास. येतानाच्या 6मध्ये साडेतीन मिळवा, साडेनऊ. म्हणजे तुम्हाला वाटलं त्याच्या अगदी उलट आहे, येतानाच जास्त वेळ बसायचंय.

आता अंतर तेच असून दोन तास जास्त का, तर वारा. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, आणि हिवाळ्यात जपानवर तो इतका जोरात असतो की कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी हवामानतज्ज्ञांनी 1920च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता, मला हे फार भारी वाटतं, नुसते फुगे सोडून! होटगी रोडला सायकलवर वारा पाठीशी असला की कसं, पायडल न मारता पण पुढे जातो आणि परत येताना तोच वारा तोंडावर घेतला की दम निघतो, विमानाचं तसंच. विमानाचा स्वतःचा वेग 900 धरा आणि वारा सरासरी 100चा, तर जाताना 1000 पडतो आणि येताना 800, दिल्ली-टोकियो सरळ अंतर सुमारे 5,850 किलोमीटर आहे त्यावर दीड तासाचा फरक तर इथेच पडला.

आणि विमान त्या सरळ रेषेने जात पण नाही. नातवंडाच्या पृथ्वीच्या गोलावर दिल्ली ते टोकियो दोरा ताणून बघा, तो तिबेटवरून जातो. पण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन 10,000 फुटांपर्यंत खाली यावं लागतं आणि तिबेटची जमीनच त्याहून उंच आहे, म्हणून बहुतेक विमानं बंगाल, म्यानमार, दक्षिण चीन अशी वळसा घालून जातात.

गोळीचं म्हणाल तर काकूंच्या हातातलं घड्याळ प्रवासभर आपल्याच टाइमवर ठेवा. येताना काही अडचण नाही, आपल्या वेळेने सकाळी 7.30 ते संध्याकाळी 5 असा सरळ दिवस आहे, फक्त दुपारचं जेवण मध्ये येईल. जाताना मात्र टोकियोला उतराल तेव्हा आपल्याकडे पहाटेचे 4 वाजलेले असतील आणि तिथे नाश्त्याची वेळ, म्हणजे सकाळची गोळी साडेतीन तास आधी येते. ती तेव्हाच घ्यायची की थांबून, हे तिकीट दाखवून तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, आणि गोळ्या, तो कागद नि थोडं खायला हातातल्या बॅगेतच राहू द्या.