तास कमी झाले, पण वाट बघणं वाढलं

"मॅडम, माझे तास कमी केलेत म्हणजे मी त्यांना नकोशी झालेय का? आणि आता घरी जास्त वेळ असते तरी मला आराम का पडत नाही?"

मी समुपदेशक आहे, आणि हे दोन प्रश्न मला दुकानांत काम करणाऱ्या इतक्या जणांनी विचारलेत ना... कुणी बिलिंग काउंटरवर आहे, कुणी कपड्यांच्या सेक्शनला, कुणी रात्री रॅक भरतं, पण प्रश्न तेच आणि बहुतेक वेळा याच क्रमाने. म्हणून एका ताईंचा अनुभव लिहितेय. त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा फोन मांडीवर, स्क्रीन वर, आणि झोपलेल्या बाळावर ठेवावा तसा त्यावर एक हात. तासाभरात तो नऊ वेळा उजळला (मी मोजलं) आणि नऊही वेळा त्यांचं वाक्य मधेच तुटलं. सात वर्षं एका मोठ्या दुकानात चपला-बुटांच्या सेक्शनला, आधी आठवड्याचे सहा दिवस, ठरलेली वेळ, ठरलेला वीकऑफ. गेल्या आठ महिन्यांपासून मात्र कधी 32 तास तर कधी 17, रोस्टर (कुणाची ड्यूटी कधी त्याचा तक्ता) शनिवारी रात्री उशिरा ग्रुपवर येणार, सोमवारपासून लागू, आणि तेही तसंच राहील याची खात्री नाही. दोनदा तर असं झालं की बस बदलून दुकानात पोचल्या, दोन तास काम केलं आणि "आज गर्दी नाहीये, तुम्ही निघा" म्हणून घरी पाठवलं. जायचा-यायचा वेळ धरला तर त्या दिवशी कामापेक्षा प्रवासच जास्त झाला.

मी त्यांना म्हटलं, तुमच्या कामाबद्दल सांगा, तर त्या म्हणाल्या की लहान मुलाचा पाय नुसता हातात धरला तरी मला नंबर कळतो, मापपट्टी लागत नाही, आणि आईवडील एक नंबर मोठा मागतात तेव्हा पुढे किती जागा राहिली तर मूल अडखळणार नाही तेही मी अंगठा दाबून सांगते. हे सांगताना त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा फोनकडे बघायच्या विसरल्या. आणि हीच बाई मला विचारत होती की मी कामात कुठे कमी पडले.

आता हे समजून घ्या, कारण इथेच सगळी गल्लत होते. दुकानातले तास बहुतेक ठिकाणी माणसाकडे बघून ठरत नाहीत. विक्रीचा अंदाज बांधतात, त्या अंदाजाच्या काही टक्के रक्कम पगारावर खर्च करायची असं वरून ठरतं, मग दुकानाला आठवड्याचे एकूण तास मिळतात आणि मॅनेजर ते वाटतो. विक्री घसरली की तास घसरतात. सॉफ्टवेअर तर तासातासाच्या फुटफॉलप्रमाणे (म्हणजे दुकानात किती गिऱ्हाइकं येतात त्याप्रमाणे) माणसं लावतं, त्याला ताईंचा अंगठा आणि मुलाचा पाय यातलं काही माहीत नसतं. मॅनेजर मर्जीतल्यांना जास्त तास देतो असंही होतं, नाही असं नाही, मी ते नाकारणार नाही. पण तास कमी आले की माणूस पहिला निष्कर्ष काढतो तो स्वतःबद्दलचा, आणि एकदा तो काढला की मग मॅनेजरने नेहमीसारखं हसून बघितलं नाही, ग्रुपवर दुसरीला थँक्यू म्हटलं, सगळं त्याच निष्कर्षाचा पुरावा वाटायला लागतं.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण मला वाटतं खरं दुखणं तिथे आहे.

सुरुवातीला माझंच चुकलं. मी त्यांना सांगितलं, मोकळ्या दिवसांचं टाइमटेबल करा, सकाळी चालायला जा, अमुक वेळी अमुक करा. पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, "मॅडम, टाइमटेबल केलं, तीन दिवसांत तीनदा मोडलं, आता तर मला अजूनच नालायक वाटतंय." बरोबर होतं त्यांचं. ज्याचा आठवडाच दुसऱ्याच्या हातात आहे त्याला पूर्ण आठवड्याचं वेळापत्रक करायला सांगणं म्हणजे हरायलाच पाठवणं. मी माफी मागितली आणि ते सोडून दिलं.

मग आम्ही एक वही केली. रोज रात्री तीन रकाने भरायचे: कामाचे तास, वाट बघण्याचे तास, आणि स्वतःचे तास. वाट बघण्याचे म्हणजे जेव्हा तुम्ही कामावर नाही पण बोलावणं येईल म्हणून दुसरं काही हाती घेता येत नाही ते. ताईंनी चौथा रकाना आपणहून वाढवला, "कारण". त्यात तास का कमी आले ते लिहायच्या, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच, "माझं काहीतरी चुकलं असेल."

दोन आठवड्यांची बेरीज आम्ही समोरासमोर बसून केली. कामाचे 41. वाट बघण्याचे 63. स्वतःचे 6.

त्या बराच वेळ आकड्यांकडे बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या की अंघोळीला जातानाही मी फोन आत नेते, फळीवर ठेवते, पाणी बंद करून करून बघते वाजला का. मुलगी रोज झोपताना विचारते, "आई, उद्या तू आहेस का?" आणि मी रोज "बघू" म्हणते.

म्हणजे नोकरी अर्धी झाली नव्हतीच, उलट वाढली होती, फक्त वाढलेल्या भागाचा पगार नव्हता. घरी असून आराम का नाही याचं उत्तर हे. तुम्ही आळशी नाही, चिडक्या नाही, तुम्ही बिनपगारी ड्यूटीवर आहात.

यावर संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत डॅनियल श्नायडर आणि क्रिस्टन हार्कनेट हे दोन अभ्यासक दुकानं आणि हॉटेलांतल्या तासावर काम करणाऱ्या हजारो लोकांकडून माहिती घेतात, 2019 साली त्यांनी मांडलं की झोप बिघडणं, मनावरचा ताण, एकूण समाधान, या सगळ्याशी कामाच्या वेळेच्या अनिश्चिततेचा संबंध पगाराच्या दरापेक्षाही जास्त घट्ट दिसतो. आणि काम गेलं की फक्त पैसा जात नाही, दिवसाचा आकारच जातो, हे तर समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकात ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावात बघितलं होतं. गिरणी बंद पडल्यावर लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं कमी झाली. मोकळा वेळ आणि आपला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी वहीत तिसऱ्या रकान्याखाली रेघ ओढली.

मग आम्ही एकच ठरवलं, 63 मधले काही तास परत घ्यायचे. सगळे नाही. मॅनेजरला सरळ नाही म्हणणं त्यांना परवडणारं नव्हतं आणि मी तसं सुचवलंही नाही, घरभाडं मी भरणार नव्हते.

पहिलं म्हणजे ग्रुप. तिथे एखादी शिफ्ट रिकामी झाली की मेसेज पडतो आणि पहिला जो "मी" लिहील त्याची. यामुळे काय होतं तर शेजारी उभं राहून काम करणारी माणसं एकमेकांची शत्रू होतात, ताईंची सात वर्षांची मैत्रीण दीड महिना बोलत नव्हती कारण ताईंनी तिच्या आधी "मी" टाइप केलं होतं. हे मला फार लागलं ऐकताना. ताईंनी आधी त्या मैत्रिणीला फोन केला, आणि दोघींनी ठरवलं की मंगळवार-गुरुवारच्या रिकाम्या शिफ्टवर एकीने आधी बोलायचं, शुक्रवार-रविवारच्या दुसरीने. मग दोन अजून जणी सामील झाल्या. तास वाढले नाहीत, पण चोवीस तास फोन पकडून बसायची गरज निम्मी झाली. बाकीच्या दिवशी ग्रुप म्यूट, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघायचा, मॅनेजरचा फोन तेवढा वाजेल.

झोपेचं थोडक्यात सांगते. रात्री क्लोजिंग आणि सकाळी परत ओपनिंग लागलं की झोप पाच तासांवर यायची आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपून ती भरून काढायच्या, मग त्या रात्री जाग. मायनर्स आणि वॉटरहाउस या संशोधकांनी 1981 मध्ये एक गोष्ट दाखवली होती, वेळा बदलत्या असल्या तरी झोपेतले निदान चार तास रोज त्याच वेळेत पडले तर शरीराचं घड्याळ बऱ्यापैकी जागेवर राहतं. ताईंची कुठलीही शिफ्ट असो, रात्री 1 ते 5 त्या झोपू शकत होत्या. तेवढे चार तास आम्ही पक्के केले, बाकीची झोप आधी किंवा नंतर जमेल तशी. आणि शनिवारी रात्री रोस्टरची वाट बघत जागायचं बंद, रविवारी सकाळी उठून बघायचं. रात्री बघून त्यात एक तासही वाढत नाही.

काळजी येतच राहते हो, ती म्यूट होत नाही. त्यासाठी रोज संध्याकाळी ठरलेला अर्धा तास, त्याच खुर्चीत, फक्त काळजी करायची, दिवसभरात काही मनात आलं की वहीत एक शब्द लिहून त्या अर्ध्या तासावर ढकलायचं. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी 1983 मध्ये तपासली होती, मी बऱ्याच जणांना देते, सगळ्यांना जमत नाही, ताईंना तिसऱ्या आठवड्यात जमायला लागली.

आता पैसे. याबद्दल समुपदेशक गप्प बसतात ते मला पटत नाही. आम्ही बारा आठवड्यांचे तास मांडले, सरासरी 23, सगळ्यात कमी 17. खर्च सरासरीवर बसवला की दर दुसऱ्या आठवड्याला तोंडघशी पडतो, म्हणून चुकवता न येणारे खर्च 17 तासांच्या आठवड्यावर बसवायचे आणि चांगल्या आठवड्यातलं वरचं वेगळं ठेवायचं. पण ताईंचं 17 तासांत भाडंसुद्धा बसत नव्हतं. हा मनाचा आजार नाही, ही वजाबाकी आहे, आणि तिला दीर्घ श्वास घेऊन उत्तर मिळत नाही. म्हणून घरमालकाशी आधीच बोलणं, कर्जाच्या हप्त्याची तारीख पुढे करून घेणं, दुसरं छोटं काम चालतं का ते नियुक्तीपत्रात बघणं, हीसुद्धा आमच्या सेशनमधली कामं होती.

तीच बारा आठवड्यांची नोंद घेऊन त्या मॅनेजरकडे गेल्या. तक्रार नाही केली. "माझे तास एवढे खालीवर होतायत, मला जास्त नको, पण आठवड्यातले दोन दिवस पक्के मिळतील का, बाकी तुम्ही लावाल तसे" एवढंच. हे वाक्य आम्ही चार वेळा बोलून बघितलं होतं. मॅनेजरही वरच्या टार्गेटखाली असतो, त्याला देता येईल असं काहीतरी मागितलं तर मिळायची शक्यता असते. आणि पक्क्या वेळा दिल्या तर दुकानाचं नुकसान होतं असंही नाही, अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या काही दुकानांत वेळापत्रक स्थिर करून बघितलं होतं, 2018 च्या अहवालात त्या दुकानांची विक्री 7 टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलंय. काही ठिकाणी तर कायदाच आहे, अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात मोठ्या दुकानांना चौदा दिवस आधी वेळापत्रक द्यावं लागतं, युरोपीय संघात कामाच्या दोन दिवसांच्या मधे निदान अकरा तासांची विश्रांती द्यावी लागते. तुमच्याकडे काय नियम आहे ते कामगार संघटनेला किंवा कामगार खात्यात विचारा, विचारायला लाज कसली.

ताईंना दोन नाही, एक दिवस पक्का मिळाला. बुधवार. मुलीने विचारलं तर आता ताई बुधवारचं तरी "हो" किंवा "नाही" सांगू शकतात.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते, दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, खाणं-झोप पार बिघडली असेल तर वहीवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि जगू नये असा विचार एकदा जरी आला तर त्याच दिवशी कुणालातरी सांगा, दुसऱ्या दिवसावर नका टाकू.

शेवटच्या भेटीत ताईंचा फोन पर्समध्ये होता. त्यांनी सांगितलं की मागच्या गुरुवारी तासाभराच्या नोटिशीवर बोलावलं, मुलीला ताप होता, त्या पहिल्यांदा "आज जमणार नाही सर" म्हणाल्या आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हात थरथरत होता. पुढच्या रोस्टरला दोन तास कमी आले. त्यामुळेच आले की सगळ्यांचेच कमी झाले, त्यांना माहीत नाही, मलाही नाही. मी वही मागितली. त्या आठवड्याच्या ओळीत काम 20, वाट बघणं 19, स्वतःचे 14, आणि "कारण" या रकान्यात त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.