वचनं ही शिक्षा नव्हे

पत्र: माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. पहिलीपासून मीच त्याला घरी शिकवते. आधी प्रार्थना, मग पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा पाठ, मग बाकीचे विषय. त्याने देवाच्या सेवेत जावं अशी माझी इच्छा. त्याला मात्र इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचाय. होस्टेलवर त्याचा विश्वास टिकेल का? हल्ली प्रार्थनेला 'आज नको' म्हणतो. शिक्षा म्हणून नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय पाच वेळा लिहायला लावला, तर वहीच्या समासात चित्रं काढून ठेवली. पानाचा फोटो पाठवतेय. त्याला कसं वळवू?

उत्तर: ताई, डिप्लोमासाठी लागणाऱ्या दहावीच्या परीक्षेचा भाग सोपा आहे. वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळा मंडळातून दहावीला बसता येतं. पाच विषय, त्यात एक तरी भाषा. त्या दहावीवर डिप्लोमाला अर्ज करता येतो. मला काळजी वाटली ती फोटो पाहून.

समासातली ती चित्रं नाहीत. ते छताच्या पंख्याचं कनेक्शन आहे. रनिंग वाइंडिंग, स्टार्टिंग वाइंडिंग आणि स्टार्टिंगच्या सिरीजमध्ये कपॅसिटर, अगदी हवा तिथेच. विजेचं कुठलंही पुस्तक समोर नसताना, शिक्षा भोगता भोगता मुलाने हे बरोबर काढलं, आणि तुम्ही ते बेअदबीचा पुरावा म्हणून मला पाठवलंत.

शिक्षेला अध्याय तरी कोणता निवडलात? 'माझ्या मुला' म्हणत बाप लेकाला जवळ घेऊन सांगतोय, असा तो अध्याय. बोटं दुखेपर्यंत उतरवून काढल्यावर त्यातली माया त्याला कशी ऐकू येणार? हे आजच थांबवा. ज्या वचनांनी त्याला आयुष्यभर आधार द्यावा असं तुम्हाला वाटतं, त्यांचीच त्याला धास्ती बसेल.

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बाई वेगळ्या आणि आई वेगळी. बाई रागावल्या तर घरी येऊन आईला सांगता येतं. तुमच्याकडे शिकवणाऱ्या तुम्ही, तपासणाऱ्या तुम्ही, आणि आता त्याचा विश्वास मोजणाऱ्याही तुम्हीच. मग त्याने मन मोकळं करायचं कुणापाशी? 'आज नको' म्हणतोय तोवर तो तुमच्याशी खरं बोलतोय. उद्या मुकाट्याने डोळे मिटून बसायला लागला, तर तुम्हाला हायसं वाटेल आणि मला भीती.

घरी बसताना, वाटेने चालताना मुलांना शिकवा, हे बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं सांगणं तुम्हाला माहीत असणारच. पण त्याच्या आधीची ओळ पाहा. या आज्ञा आधी तुझ्या स्वतःच्या हृदयात असू देत, असं तिथे म्हटलंय. मूल ते वेळापत्रकातून शिकत नाही. आईचं चुकलं की ती लेकराची माफी मागते का, हे ते बघत असतं.

आता तुमचा मोठा गैरसमज. देवाची सेवा म्हणजे मंडळीचं, चर्चचं काम, आणि वायरमनचं काम म्हणजे नुसतं पोट भरणं, असं तुम्ही धरून चाललात. येशूचा प्रचारक पौल करिंथ शहरात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू बनवत होता, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात आहे. नासरेथकर येशूला सुतार म्हणून ओळखत होते, हे मार्क आपल्या शुभवर्तमानात सांगतो. अर्थिंग नीट जोडणारा, कुणी तपासणार नसतानाही कच्चं काम न करणारा माणूस लोकांचे जीव वाचवतो. ही सेवा नाही तर काय? पाळकपणाची ओढ त्याला स्वतःला लागली तर तो पदवीनंतरही तिकडे जाऊ शकतो. आईच्या इच्छेखातर कुणी त्या वाटेला जाऊ नये. त्याचंही नुकसान आणि मंडळीचंही.

होस्टेलची भीती मला समजते. दानीएल कोवळ्या वयात बाबेलला नेला गेला. तिथली भाषा शिकला, तिथली विद्या शिकला, आणि काय खायचं नाही हे त्याने स्वतःच्या मनाने ठरवलं. जवळ आईबाप नव्हते. तुमच्या मुलाला मात्र आजवर स्वतःचं काही ठरवूच दिलेलं नाही. ती सवय घरातच लागू द्या. आठवड्याचं वेळापत्रक त्याला आखू दे, चुकलं तर निस्तरू दे. गणित आणि विज्ञान दुसऱ्या कुणाकडे पाठवा. प्रार्थनेला बोलवा, पण 'नको' म्हणाला तर हजेरी घेऊ नका, तुम्ही तुमची करा.

एनआयओएसचा अर्ज भरताना त्याला शेजारी बसवा. डिप्लोमा करायचाय तर गणित आणि विज्ञान घ्याच, बाकीचे तीन विषय त्याला निवडू द्या. आणि ते पान फाडू नका. त्यातली आकृती त्याच्याकडून समजून घ्या, एकदा तुम्ही विद्यार्थी होऊन.