शॉट तोच, अभिनय तोच, मग एडिटिंगने अर्थ कसा बदलतो?

तुमचा प्रश्न असा आहे की नटाने चेहऱ्यावर काहीच वेगळं केलेलं नसताना, नुसता शेजारचा शॉट बदलला की आपल्याला वेगळा भाव का दिसतो. मी माहितीपटांचं संकलन करते, त्यामुळे याच्याशी रोजची गाठ आहे.

दोन शॉट एकापाठोपाठ आले की त्यांचा संबंध आपण लावतोच, कुणी सांगावं लागत नाही. रशियात लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभरेक वर्षांपूर्वी इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एकच निर्विकार क्लोजअप वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. त्यांचे विद्यार्थी पुडोव्किन सांगतात, सूपनंतर लोकांना तो विचारात गढलेला वाटला, शवपेटीतल्या बाईनंतर दुःखी, खेळणाऱ्या मुलीनंतर प्रसन्न. ती फिल्म आज उरलेली नाही, शॉट नेमके कोणते यावर गुरुशिष्यांच्या आठवणीही जुळत नाहीत. म्हणून मला 'बॅटलशिप पोटेमकिन' (1925) या रशियन मूकपटाचं उदाहरण जास्त पटतं, तो आजही पाहता येतो.

त्यात ओडेसा या बंदराच्या शहरातल्या पायऱ्यांवर सैनिक लोकांना गोळ्या घालतात, युद्धनौका तोफांनी उत्तर देते आणि लगेच दगडी सिंह दिसतात: झोपलेला, मान वर केलेला, उठलेला. पुतळे तीन, तेही ओडेसात नाहीत, दूर क्रिमियातल्या अलुप्का राजवाड्याचे. पण शॉट इतके झटपट येतात की एकच सिंह खवळून उठला असं वाटतं. प्रत्येक शॉट थोडा लांबवला असता तर तीन पुतळेच दिसले असते. कुठे कापायचं याइतकंच कधी कापायचं हेही महत्त्वाचं, ते असं.

माहितीपटात मात्र हे फार जपून करावं लागतं. समजा, धरणात जमीन गेलेला शेतकरी बोलतोय आणि मी पुढे अधिकारी घड्याळ बघतोय असा शॉट लावला. तो अधिकारी निर्दय ठरला! घड्याळ त्याने चहाच्या वेळी पाहिलेलं असलं तरी प्रेक्षकाला ते कळायला मार्गच नाही. एकही शब्द खोटा नाही आणि तरी माणसावर धडधडीत अन्याय. असा कट मी लावत नाही, कुणी आग्रह धरला तर भांडते.

असा कट लावलाय का, हे पाहणाऱ्यालाही थोडं ओळखता येतं. मुलाखतीत बोलणारा आणि ऐकणारा एकदा तरी एकाच फ्रेममध्ये दिसतात का बघा. एका कॅमेऱ्यावर काम असेल तर ऐकणाऱ्याचे मान डोलावण्याचे शॉट बऱ्याचदा नंतर वेगळे घेतात. मग खिडकीतला उजेड आणि टेबलावरच्या ग्लासातलं पाणी दोन्हीकडे जुळतंय का, तेही तपासा.