पोषणावर संशोधन करायचंय? आधी वजनकाटा धर

अंबाजोगाईत सर्जरी शिकतोयस आणि ओढ पोषणाकडे, बरंच झालं. १९३६ मध्ये स्टडली या सर्जनने फक्त वजनं नीट मांडली होती: अल्सरच्या ऑपरेशनआधी वीस टक्क्यांहून जास्त वजन घटलेल्यांत मृत्यू ३३ टक्के, बाकीच्यांत ३.५. महागडं यंत्र नव्हतं.

सुरुवातीला एवढंच कर:

- प्रत्येक पेशंट स्वतः काट्यावर उभा कर. मी पहिल्या वर्षी केसपेपरवरची अंदाजे वजनं उचलली. सगळा डेटा वाया गेला.
- ऊसतोडीहून आलेल्या माणसाला आधीचं वजन ठाऊक नसतं. "करदोटा ढिला झाला का? दोन भाकरीची एक कधी झाली?" असं विचार, आणि महिना लिहून ठेव.
- अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी म्हणजे कुपोषण, हे डोक्यातून काढ. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीर बिघडतं तेव्हा, ते दोन दिवसांतही उतरतं. नवखे हमखास इथेच फसतात (प्रबंध तपासताना मी हेच बघतो).
- एथिक्स कमिटीची परवानगी आधी, माहिती गोळा करणं नंतर.

प्रश्न एकच घे, छोटा. मेटाबॉलिझमची किचकट गणितं, शरीर किती ऊर्जा जाळतं ते मोजणारा कॅलरीमीटर वगैरे सध्या राहू दे. पन्नास पेशंट झाले की वही घेऊन ये, मग बसू.