वाचकांचे प्रश्न : नाउन क्लॉज कुठला, ॲडजेक्टिव्ह क्लॉज कुठला?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. नाउन क्लॉज (वाक्यात नामाचं काम करणारं उपवाक्य) आणि ॲडजेक्टिव्ह क्लॉज (नामाबद्दल सांगणारं उपवाक्य) यांचे नियम मुलं घडाघडा म्हणून दाखवतात, पण वाक्य समोर आलं की गडबडतात. ‘दॅट’ दिसला की नाउन, ‘हू’ किंवा ‘व्हिच’ दिसला की ॲडजेक्टिव्ह, असं ठरवून मोकळी होतात. ‘व्हेअर’ आणि ‘व्हेन’ला तर सगळा अंदाजपंचे कारभार. आणखी सराव द्यावा की वेगळं काही करावं?
— एक शिक्षिका, जि. लातूर

उत्तर : बाई, सराव नंतर. आधी फळ्यावरचा तो तक्ता पुसा, ज्यात एकीकडे जोडणारे शब्द आणि समोर क्लॉजची नावं असतात. घोळ त्या तक्त्यानेच होतो. क्लॉज वाक्यात कोणतं काम करतो यावर त्याचं नाव ठरतं, सुरुवातीच्या शब्दावर नाही.

त्याऐवजी ही दोन वाक्यं लिहा. ‘आय नो व्हेअर ही लिव्ह्ज.’ ‘धिस इज द व्हिलेज व्हेअर ही लिव्ह्ज.’ शेवटचे तीन शब्द अगदी तेच. आता मुलांना ती मराठीत सांगू द्या, तुम्ही सांगू नका. पहिलं येईल, ‘तो कुठे राहतो ते मला माहीत आहे.’ दुसरं, ‘तो जिथे राहतो ते हे गाव.’ एकदा ‘कुठे’, एकदा ‘जिथे’. इंग्रजी एकाच शब्दावर दोन कामं भागवते, मराठीत त्यांना वेगळे शब्द आहेत. कोण, काय, कुठे, केव्हा ही ‘क’ची मंडळी आली तर बहुतेक वेळा नाउन क्लॉज. जो, जी, जे, जिथे, जेव्हा ही ‘ज’ची मंडळी एखाद्या नामाबद्दल सांगत असतील तर ॲडजेक्टिव्ह. मराठी माध्यमाच्या मुलाजवळ हे ज्ञान घरातूनच आलेलं असतं. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही असा दंडक असेल, तर या धड्यापुरता तो बाजूला ठेवा. मुलाच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन आपणच का काढून घ्यायचं?

‘नामाबद्दल’ ही अट मात्र सोडू नका. ‘व्हॉट शी सेड इज ट्रू’ म्हणजे ‘ती जे म्हणाली ते खरं आहे.’ इथे ‘जे’ आलं, तरी हा नाउन क्लॉजच आहे. इंग्रजी वाक्यात त्याच्या आधी नामच नाही, मग तो विशेषण कोणाचं होणार? म्हणून मराठीत सांगून झालं की दुसरा प्रश्न विचारायचा : क्लॉजच्या आधी नाम आहे का, आणि क्लॉज त्याच्याबद्दल सांगतोय का?

आता तुमच्या मुलांना छळणारा ‘दॅट’. मला स्वतःला हा भाग शिकवायला फार आवडायचा. ‘द न्यूज दॅट शी पास्ड इज ट्रू.’ ‘द न्यूज दॅट शी ब्रॉट इज ट्रू.’ दोन्हीकडे आधी नाम आहे, दोन्हीकडे ‘दॅट’ आहे. वर्ग एकमुखाने सांगतो, दोन्ही ॲडजेक्टिव्ह. तेव्हा ‘दॅट’च्या पुढचा तुकडाच मोठ्याने वाचायला लावा. ‘शी पास्ड.’ ती पास झाली. ऐकणाऱ्याला आणखी काही विचारावं लागत नाही. ‘शी ब्रॉट.’ मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा विचारेल, काय आणलं? तुकड्यात जागा रिकामी आहे आणि तिथे ‘न्यूज’च बसते, म्हणून हा ॲडजेक्टिव्ह. पहिल्यात रिकामी जागा नाही. पास होणं हीच ती बातमी, म्हणून तो नाउन. मराठीत सांगून बघा : ‘ती पास झाली ही बातमी खरी आहे’, ‘तिने जी बातमी आणली ती खरी आहे.’ एकीकडे ‘ही’, दुसरीकडे ‘जी’. रिकामी जागा कर्त्याचीही असू शकते. ‘द गर्ल दॅट केम फर्स्ट’ यात ‘केम फर्स्ट’ एवढंच वाचलं की ‘कोण आली?’ असा प्रश्न उरतो. ही कसोटी ‘दॅट’पुरती ठेवा, ‘व्हेअर’ला लावू नका.

ओळखणं जमलं तरी लिहिताना मराठीची रचना इंग्रजीत उतरते, तिकडे वेगळं लक्ष द्या. ‘व्हिच बुक आय बॉट, दॅट इज लॉस्ट’ हे ‘जे पुस्तक घेतलं ते हरवलं’ जसंच्या तसं इंग्रजीत आलेलं. अशा वेळी मुलांना जो-तो सोडून ‘मी घेतलेलं पुस्तक हरवलं’ म्हणायला लावा. ‘मी घेतलेलं’खाली रेघ मारायची आणि नामाच्या आधी असलेला तेवढा भाग उचलून नामाच्या नंतर न्यायचा : ‘द बुक व्हिच आय बॉट इज लॉस्ट.’ दुसरी नेहमीची चूक ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग.’ आपला ‘की’ बोलणाऱ्याचे शब्द आहेत तसे ठेवतो, ‘त्याने विचारलं की तू कुठे चाललास.’ इंग्रजीत इथे ‘दॅट’ जातो, प्रश्नाची रचना सरळ होते, ‘यू’चा ‘आय’ होतो आणि काळही मागे सरकतो : ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.’ हे चार बदल एका तासात उरकू नका.

सरावाला गावातलीच माणसं घ्या. ‘हू ब्रिंग्ज अवर लेटर्स’ हा तुकडा फळ्याच्या मधोमध लिहा. एका मुलाने त्याच्या आधी ‘द मॅन’ लावून वाक्य पुरं करायचं, दुसऱ्याने ‘आय नो’ लावून. मग पंप दुरुस्त करणारा, दूध घालणारी, रेशनचं दुकान. वाक्यं मुलांनीच करायची.

प्रश्न : मुलगी दहावीला आहे, सेमी इंग्रजी. ‘हू’च्या आधी स्वल्पविराम दिला तर चूक, असं तिला कोणी सांगितलं. पुस्तकात तो कधी दिसतो, कधी नाही.
— एक पालक, सोलापूर

उत्तर : दोन्ही बरोबर, अर्थ वेगळा. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक इज अ डॉक्टर’ यात भाऊ एकाहून जास्त आहेत आणि त्यांतला नाशिकचा डॉक्टर आहे. ‘हू’च्या आधी आणि ‘नाशिक’च्या नंतर स्वल्पविराम दिला, तर कोणता भाऊ हे आधीच माहीत आहे; नाशिकचं जाता जाता सांगितलं. व्यक्तीचं नाव घेतलं की ती कोण ते बहुधा ठरलेलंच असतं, म्हणून तिथे स्वल्पविराम हवा : ‘सावित्रीबाई फुले, हू वॉज बॉर्न इन १८३१, टॉट गर्ल्स इन पुणे.’ अशा ठिकाणी ‘हू’च्या जागी ‘दॅट’ चालत नाही, एवढं मुलीला सांगा.