उकाड्यातलं सेझॉन आणि १.०३४ वर अडलेली ग्रॅव्हिटी

प्रश्न: नमस्कार, खोलीत सध्या ३० ते ३२ डिग्री असतं, फर्मेंटेशनसाठी वेगळा फ्रिज नाही. सगळे म्हणतात थंडी येईपर्यंत बीअर करूच नका. बेल्जियन फार्महाऊस एल जमेल असं कुठेतरी वाचलं, खरंच जमेल का?

जमेल, आणि अशा खोलीत एकच बीअर करायची तर मी हीच फार्महाऊस एल, म्हणजे सेझॉनच करा म्हणेन. बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातली, वॅलोनियातली, त्यातही एनो प्रांतातली ही शेतावरची बीअर. आता इथे लोकांचा थोडा घोटाळा होतो. पूर्वी ती उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या माणसांना प्यायला म्हणून करायचे, पण करायचे थंडीतच, कारण गरम दिवसांत बीअर नासायची. म्हणजे उन्हाळ्याची बीअर म्हणून ती उन्हाळ्यात करत होते असं नाही. आज आपण उकाड्यात करू शकतो ते यीस्टमुळे. तूर्पच्या द्युपाँ ब्रुअरीत, जिथे १८४४ पासून बीअर होतेय, फर्मेंटेशन तिशीच्याही वर जाऊ देतात, एरवी बहुतेक एल यीस्टला एवढ्या तापमानाला ठेवलं की नेलपॉलिशसारखा वास आणि डोकं धरणारं अल्कोहोल पदरात पडतं.

पण याचा अर्थ पहिल्या मिनिटापासून ३२ नाही हां. पहिले दीड-दोन दिवस यीस्ट वाढत असतं आणि ते उग्र फ्यूजल अल्कोहोल मुख्यतः तेव्हाच तयार होतं, म्हणून यीस्ट घालताना वर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, उकळलेलं गोड पाणी) २० ते २२ ला हवं, दोन दिवस तिथेच धरायचं आणि मग सोडून द्यायचं, चढू दे किती चढायचं ते. धरायला फ्रिज लागत नाही, मोठ्या टबात पाणी, त्यात फर्मेंटर (बीअर आंबते ते भांडं), वरून ओला टॉवेल आणि सकाळ-संध्याकाळ बर्फ झालेल्या बाटल्या बदलायच्या, बस. तापमान मात्र खोलीचं बघू नका, फर्मेंटरच्या अंगाला चिकटवलेल्या पट्टीवर बघा, कारण जोरात फसफसताना आतलं द्रव खोलीपेक्षा तीन-चार डिग्री सहज गरम असतं.

प्रश्न: नळाचं पाणीच एवढं कोमट येतं की चिलर लावूनही वर्ट ३४-३५ च्या खाली जात नाही. तसंच यीस्ट घालू का?

नका घालू. ३५ ला आणलेलं वर्ट स्वच्छ सॅनिटाइझ केलेल्या फर्मेंटरमध्ये ओता, झाकण घट्ट लावा, बर्फाच्या टबात ठेवा आणि २० ला आलं की यीस्ट घाला, मग त्याला चार तास लागोत नाहीतर रात्र जावो. फर्मेंटर खरंच स्वच्छ असेल तर एवढ्या वेळात काही होत नाही. घाईत गरम वर्टमध्ये यीस्ट टाकून होणारं नुकसान मात्र नंतर कशानेच भरून निघत नाही.

प्रश्न: २० लिटर सेझॉन केलंय, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबते तशी उतरते) १.०५६. यीस्ट वायईस्ट कंपनीचं ३७२४. चार दिवस धडाक्यात चाललं आणि १.०३४ ला येऊन थांबलं ते थांबलंच, आठवडा झाला, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी बुडबुड्यांची झडप) गप्प. नवीन यीस्ट घालू, बाटल्या भरू, की ओतून देऊ? खूप वाईट वाटतंय.

ओतून अजिबात देऊ नका, तुमची बीअर ठीक आहे. हे यीस्ट यासाठीच प्रसिद्ध आहे, सुरुवातीला धावतं, १.०३५ च्या आसपास दम टाकतं आणि मग आठवडा-दोन आठवडे रुसून बसतं. व्हाइट लॅब्जचं ५६५ पण याच वळणाचं.

आधी मोजलं कशाने ते बघा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर सांगणारं उपकरण) असेल तर त्यावर जाऊ नका, अल्कोहोल तयार झालं की तो खोटं सांगतो, १.००४ ला संपलेली बीअरसुद्धा त्यात पंधरा पॉइंटच्या (एक पॉइंट म्हणजे ०.००१) वर दिसते. हायड्रोमीटरने (द्रवात तरंगवून घनता दाखवणाऱ्या नळीने) मोजा, नमुन्यातला गॅस हलवून काढून टाका, आणि नमुना ३० डिग्रीचा असेल तर आकड्यात दोन-तीन पॉइंट मिळवा, कारण बहुतेक हायड्रोमीटर २० डिग्रीला जुळवलेले असतात.

खरंच १.०३४ असेल तर पहिलं औषध ऊब. त्या बर्फाच्या बाटल्या अजून टबात असतील तर आजच काढा! फर्मेंटर घरातल्या सगळ्यात गरम कोपऱ्यात न्या, ३० ते ३३ ला राहू दे, दिवसातून एकदा झाकण न उघडता अलगद गोल हलवा म्हणजे तळाला बसलेलं यीस्ट परत वर येईल. दुसरी गोष्ट, एअरलॉक काढून तोंडावर सॅनिटाइझ केलेली अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैल बसवा. हे यीस्ट कार्बन डायऑक्साइडच्या दाबाला नाजूक आहे असं बऱ्याच ब्रुअरचं म्हणणं आहे, सुरुवातीपासून फॉइल ठेवली तर अडतच नाही असंही सांगतात, मला ते पटतं आणि करून बघायला खर्च काहीच नाही.

दहा-बारा दिवसांत आकडा हलला नाही तर दुसरं यीस्ट घाला, वायईस्ट ३७११ किंवा कोरडं बेल सेझॉन. ही दोन्ही काम अर्धवट सोडत नाहीत, १.००४ च्याही खाली नेऊन ठेवतात. लवंग-मिरीचा वास तुमच्या पहिल्या यीस्टने आधीच देऊन ठेवलाय, तो कुठे जात नाही.

आणि बाटल्यांचं म्हणाल तर कृपा करून नाही, आत्ता नाही. दोन पॉइंट उतरले की साधारण एक व्हॉल्यूम (बीअरच्या आकारमानाएवढा) गॅस होतो. १.०३४ वरून १.००४ वर यायला तीस पॉइंट, म्हणजे पंधरा व्हॉल्यूम, आणि साधी बीअरची बाटली तीनच्या पुढे भरवशाची नाही. फुटलेल्या काचेने डोळा जाऊ शकतो.

प्रश्न: मग संपलं हे ओळखायचं कसं? आणि बाटल्या भरताना गॅससाठी साखर किती घालू?

बुडबुड्यांवरून नाही. सलग तीन-चार दिवस मोजून भागणार नाही, आठवड्याच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही वेळा तोच आकडा आणि तोही १.००६ च्या खाली असेल तरच पुढे जा. एवढं ताणायचं कारण असं की ३७११, बेल सेझॉन यांसारखी यीस्ट डायस्टॅटिकस प्रकारातली आहेत, ती एक एन्झाइम बाहेर सोडतात आणि एरवी यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनचेही (लांब साखळीच्या साखरांचेही) तुकडे करून हळूहळू खात राहतात. हेच यीस्ट तुमच्या नळीत किंवा प्लास्टिकच्या ओरखड्यात राहिलं आणि पुढच्या साध्या एलमध्ये शिरलं तर तिच्याही बाटल्या महिन्या-दोन महिन्यांनी उसळायला लागतात, म्हणून सेझॉनसाठी नळी, नळ, बॉटलिंगची बादली वेगळी ठेवलेली बरी.

साखरेचा हिशोब सोपा आहे, लिटरला ४ ग्रॅमने साधारण एक व्हॉल्यूम. तिशीला आंबलेल्या बीअरमध्ये आधीचा गॅस जेमतेम ०.६ उरलेला असतो, त्यामुळे २० लिटरला साध्या बाटल्यांत २.७ हवा असेल तर १६० ग्रॅमच्या आसपास. शॅम्पेनच्या जाड बाटल्या मिळाल्या तर १९० पर्यंत जा, मग जो फेस येतो ना, ग्लासात बोटभर उभा राहतो, त्याशिवाय सेझॉन सेझॉन वाटत नाही.

प्रश्न: पाककृती एकदा सांगाल? धने आणि संत्र्याची साल किती घालायची?

दोन्ही नको, निदान पहिल्या वेळी तरी. तो मसाल्याचा वास यीस्ट स्वतः तयार करतं, माल्टमधल्या फेरुलिक अ‍ॅसिडपासून, आणि ते एकदा नीट चाखलंत की वरून काही घालावंसं वाटणार नाही. २० लिटरला ४ किलो पिल्सनर माल्ट, अर्धा किलो गहू माल्ट, उकळीच्या शेवटी ४०० ग्रॅम साधी साखर. मॅश (दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवणं) ६४ डिग्रीला सव्वा ते दीड तास, त्याहून गरम नको, नाहीतर बीअर जड होते. हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) ईस्ट केंट गोल्डिंग्ज किंवा साझ जातीचे, कडवटपणा २५ ते ३० आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). भरलेल्या बाटल्या झाकलेल्या खोक्यात तीन आठवडे खोलीतच ठेवा, मग एक फ्रिजमध्ये दोन दिवस गार करून उघडा, आणि गॅस जास्त वाटला तर बाकीच्या सगळ्या लगेच फ्रिजमध्ये हलवा.